चिकटपट्टी

"आता कच खाऊ नकोस," शेजारीण तिच्या कानाशी पुटपुटली. "सगळ्याजणी तुझ्या तोंडाकडे बघतायत."

 तिने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. बालवाडीच्या वर्गात पालक मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर कसेबसे मावले होते. गुडघे हनुवटीला लागत होते. भिंतीशी नवी खेळणी मांडली होती. त्यांच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. मुलं सतरंजीवर हात बांधून बसली होती.

सहा वर्षांखालच्या मुलांच्या आईवडिलांनी आठवड्यातून एकदा वर्गात येऊन बसायचं, असा सरकारी नियम होता. शाळेने तो फाटकाजवळ काचेच्या चौकटीत लावला होता. आणि आजचा दिवस सोडला तर त्याच फाटकातून वर्षभरात एकाही पालकाला आत घेतलं नव्हतं. तिने दोन-तीनदा भांडून पाहिलं. "नियम वाचलात ना? मग झालं तर," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. "आई दिसली की मुलं रडतात."

तिची मुलगी रडत नव्हती. बोलतही नव्हती. मध्ये एकदा तिने बाहुलीच्या तोंडाला चिकटपट्टी लावली आणि तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. हे काय गं, विचारल्यावर "शाळा-शाळा," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून आई घरोघरी जाऊन पालकांना गोळा करत होती. तपासणीला साहेब येतील तेव्हा खरं काय ते सांगायचं. पहिली मी उठते, तुम्ही फक्त माझ्यामागे उभे राहा.

साहेब आत आले. सगळे उठले. सतरंजीवरचा एक छोटा त्यांना बघून खुदकन हसला. मोठ्या बाईंनी डोळे वटारताच त्याने हसू गिळलं. साहेबांनी खुर्चीत बसून गळ्यातला टाय सैल केला.

"पालक वर्गात येतात का?"

मोठ्या बाईंची नजर सगळ्यांवरून फिरली आणि नेमकी तिच्यावर येऊन थांबली. "तुम्ही सांगा."

ती उभी राहिली. 

"येतो ना, साहेब. दर आठवड्याला. मोठ्या बाई स्वतः हाताला धरून आत आणतात."

शेजारणीने तिच्या पोटरीला चिमटा काढला.

"मुलांना कधी रागावतात?"

"छे! आवाजसुद्धा चढवत नाहीत. माझी मुलगी तर घरी यायला तयार नसते."

सतरंजीवरून मुलीने मान वर करून आईकडे पाहिलं. आईने नजर चुकवली.

"काही तक्रार?"

"एकच. रविवारी शाळा बंद असते."

साहेब हसले. मोठ्या बाईंचा चेहरा खुलला.

ती खाली बसली तशी शेजारीण दबक्या आवाजात फणकारली, "एवढी तोंडाची वाफ दवडलीस ती याच्यासाठी? सपशेल लोटांगण! आणि मी तुला वाघीण समजत होते."

"आत्ता भांडून काय मिळणार होतं?"

"आणि पोरीचं काय?"



मोठ्या बाईंनी टाळी वाजवली. "वा! अगदी असंच जमलं पाहिजे. व्हॅनवाले काका, तो टाय माझ्या टेबलावर ठेवा आणि मुलांना घरी सोडायला घ्या." मग त्या तिच्याकडे वळल्या. "खरं सांगू? मला धास्ती होती ती तुमचीच. पण आता ठरलं. उद्या खरे साहेब आले की बाकी कोणी तोंड उघडायचं नाही. एकट्या तुम्हीच बोलायचं."

"बोलते की," ती म्हणाली, आणि पिशवीत हात घालून तिने बाहुलीच्या तोंडावरची चिकटपट्टी पुन्हा एकदा नीट दाबून बसवली.