सर्दीचं औषध

कर्णधार उत्तेजक चाचणीत सापडल्याची बातमी आली आणि फुटबॉलवेड्यांच्या ग्रुपवर एकच गदारोळ उडाला. "आपला माणूस असं करणारच नाही," शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डरने लिहिलं. "ज्याने त्याला हे दिलं, त्याचं तंगडंच मोडतो!"

औषधांच्या दुकानात काउंटरमागे बसून दुकानदार हे वाचत होता. तेवढ्यात कर्णधाराचा खुलासा आला: सामन्याच्या आदल्या दिवशी सर्दी झाली होती, म्हणून वाटेतल्या एका दुकानातून सिरप घेतलं.

दुकानदाराने चटकन भिंतीकडे पाहिलं. साक्षात कर्णधार दारात बघून त्या दिवशी त्याचं भानच हरपलं होतं. बाटलीवरचं एक अक्षर न वाचता त्याने ती पुढे केली होती, आणि वर गळ्यात हात टाकून सेल्फीही काढला होता.

घाईघाईने त्याने भिंतीवरचा तो फ्रेम केलेला सेल्फी उतरवला आणि खोक्यांमागे कोंबला. मग फोनमधूनही उडवला. हुश्श!

शेजारचा ग्राइंडर एकदम थांबला.

ग्रुपवर वेल्डरचा मेसेज आला: "मंडळी, आपल्या ग्रुपच्या डीपीवरचा तो सेल्फी जरा मोठा करून बघा. कर्णधाराच्या हातात ती बाटली कसली आहे?"