बावीस हजार पावलं

रात्री आठ वाजता आकडे आले आणि आजही वृषालीच पहिली. बावीस हजार एकशे चार. माधवी दुसरी, अकरा हजारांवर.

माधवीने फोन पालथा टाकला. तिच्या नवऱ्याने, रामहरीने, पेपरातून डोकं न काढता विचारलं, आजपण हरलीस का? ती म्हणाली, शर्यत थोडीच आहे. मग उठून अंगणात आणखी नऊशे पावलं चालून आली.

बारामतीतल्या बायकांचा हा चालण्याचा गट माधवीनेच काढला होता. चार वर्षांपूर्वी, मुलगी श्रेया लग्न होऊन सासरी गेल्यावर. त्याआधी घरात तिला मीठ कुठे ठेवलंय याखेरीज कुणी काही विचारत नसे. आता एकोणीस बायका विचारायच्या, उद्या कुठून जायचं? वाटा तिच्या तिने शोधलेल्या. एक कऱ्हेच्या पुलाखालून सिद्धेश्वराच्या देवळामागे निघणारी, एक नदीच्या काठाकाठाने, एक कालव्याच्या भरावावरून काटेवाडीकडे जाणारी. कुठे वळायचं, कुठे कुत्री आहेत, सगळं ती गटावर सविस्तर लिहायची. सगळ्यांच्या फोनात एकच ॲप होतं. कोण किती चाललं ते त्यात सगळ्यांना दिसायचं.

त्यात ही वृषाली आली. जवळच्या पणदरे गावची, गटातल्या प्रगतीच्या ओळखीतली. चालायला एकदाही आली नाही. नुसते आकडे.

तेही माधवीने गिळलं असतं. पण परवा प्रगतीने गटावर विचारलं, काठावरच्या चिंचेच्या अलीकडून उतरायचं की पलीकडून? माधवी चष्मा शोधेपर्यंत वृषालीचं उत्तर आलंसुद्धा. अलीकडून, पलीकडं निसरडं हाय.

माधवीच्या नदीवर. आणि उत्तर बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी माधवीने तिला फोन लावला. आवाज शक्य तितका गोड ठेवला. तुमचा रस्ता कसा आहे हो, म्हणाली.

"चढउतार हाय थोडा. मधी चिखल लागतो."

"एकट्याच असता?"

"न्हाय, चौघी हाईत की सोबत. पण बोलत न्हाईत त्या."

"मग लवकर निघत असाल."

"चारला उठते."

"आणि वाट नेमकी जाते कुठून?"

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग वृषाली म्हणाली, "तुमच्यावाणी सांगता यायची न्हाय मला, ताई."

सांगायची नाहीये, एवढाच अर्थ माधवीने काढला. शिवाय न बोलता चालणाऱ्या चार बायका हिला मिळाल्या कुठे, हा प्रश्न राहिलाच. माधवीच्या गटात निम्म्याजणींचे पाय तोंडापेक्षा हळू चालायचे.

शुक्रवारी प्रगतीने गटावर टाकलं, या रविवारी आपण वृषालीच्या वाटेने जाऊ, पुढे तीच राहील. सतरा अंगठे आले. वृषालीने नुसते हात जोडले. अठरावा अंगठा माधवीने टाकला आणि त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं.

पुढे तीच राहील. मग माधवी कुठे राहील, हे कुणी लिहिलं नव्हतं.

शनिवारी पहाटे मारुतीला जाते म्हणून ती स्कूटी घेऊन निघाली आणि थेट पणदऱ्याच्या अलीकडे थांबली. वृषालीच्या घराला रस्त्याला लागून निळं फाटक आहे, असं प्रगतीने बोलता बोलता सांगितलं होतं. उसाच्या कडेला स्कूटी लावून माधवी फाटकावर नजर ठेवून उभी राहिली. बेत साधा होता. वृषालीच्या मागे मागे जायचं, वाट डोक्यात भरून घ्यायची आणि उद्या सगळ्यांच्या पुढे आपण चालायचं.

चारला आत दिवा लागला. फाटक उघडलं नाही. साडेचार झाले, पाच झाले. डासांनी तिला फोडून काढलं. साडेपाचला तिने ॲप उघडलं. वृषाली, तीन हजार आठशे. फाटक बंदच. सहाला पाच हजार दोनशे.

माधवीला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. बाई घराबाहेर पडलीच नव्हती; फोन गोठ्यातल्या वासराच्या गळ्यात बांधला असणार, नक्की. वासराचा फोटो काढायचा, गटावर टाकायचा आणि खाली एक शब्द लिहायचा नाही. फोन तयार ठेवून तिने फाटक ढकललं.

वृषाली गोठ्यातून वैरणीची रिकामी पाटी घेऊन येत होती. तिशीची, काटकुळी. घट्ट खोचलेल्या पदरात, कमरेशी, फोन होता. मागे चार म्हशींनी माना वळवून पाहिलं.

"माधवीताई ना?" ती गटावरच्या फोटोवरून ओळखून हसली, बसा म्हणाली, पण थांबली नाही. हौदावरची घागर उचलून पायऱ्या चढली, गॅसवर चहा ठेवला. आतून सासऱ्यांची हाक आली. त्यांना कुशीवर वळवून, पाणी पाजून ती खाली आली, धारेची बादली घेऊन चिखलातून गोठ्यात गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली. माधवी ओसरीवर बसून बघत राहिली. फोटोसाठी काढलेला फोन तिने केव्हा पर्समध्ये ठेवला ते तिलाही कळलं नाही.

"तुमी ल्हिता त्या वाटा रोज वाचते मी," वृषाली तिच्यासमोरून जाता जाता म्हणाली. "पाठ हाईत सगळ्या. खोटं कशाला बोलू, लई जळते तुमच्यावर."

चहाचा कप माधवीच्या हातात देताना ती पहिल्यांदाच जागेवर उभी राहिली. आत सासरे पुन्हा हाक मारत होते. तिने तिकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, तितं नदीवर गेल्यावर नुसतं बसून ऱ्हायलं, तर कुणी काय म्हणत न्हाय का?"