हेस्टर सापडली

२०१७ साली ऊर्मी कॅनडात, ओंटारिओतल्या एका लायब्ररीत पार्टटाइम जुने पेपर स्कॅन करायची. एकशे साठ वर्षांपूर्वी एका कृष्णवर्णीय संपादकानं काढलेल्या साप्ताहिकात अमेरिकेतल्या गुलामगिरीवर तुटून पडणारा अग्रलेख असे, आणि त्याखाली दर आठवड्याला एका आईची जाहिरात: "माझी हेस्टर नऊ वर्षांची होती तेव्हा मालकानं विकली. दिसली तर सांगा, आई इथं स्वतंत्र आहे."

"एनी न्यूज?" लायब्रेरियन ग्लोरिया रोज विचारायची.

मग एका अंकात आईच्या निधनाची बातमी आली. ऊर्मीनं तरी पुढचे अंक स्कॅन करणं चालू ठेवलं.

पुढल्या वर्षीचा अंक उघडून ऊर्मी ओरडली, "ग्लोरिया, हेस्टर सापडली!"

अंकात लिहिलं होतं, "शेजारच्या गावात सात वर्षं धुणी धुणारी हेस्टर आमच्या गावच्या शाळेत अक्षरं शिकली.

सरावाला दिलेल्या जुन्या अंकात तिनं आईची जाहिरात वाचली."