शेजारची विहीर

माझा लेक समुद्रातल्या तेलविहिरींवर इंजिनीअर आहे. महिनाभर तिकडे, महिनाभर घरी. यंदा त्याला किनाऱ्यावरच्या ऑफिसात कायमचं बोलावलंय, एवढं सुनेकडून कळलं होतं. आठ दिवस मी विचारत होते, "जाणार ना रे ऑफिसात?" आणि आठ दिवस एकच उत्तर, "बघू गं, आई."

शेवटी वैतागून म्हटलं, "ते राहू दे. तू तिथे करतोस काय, ते तरी सांग." तर गडी लगेच खुलला. "विहीर जुनी झाली की तिचा जोर संपतो. मग कितीही ओढा, तेल वर येत नाही. तेव्हा आम्ही शेजारच्या विहिरीतून खाली पाणी दाबतो. ते पाणी तेलाला ढकलत आणतं."

मी चौथी शिकलेली, पण एवढं मला बरोबर समजलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुनेला म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला ऑफिस झेपायचं नाही गं. नाहीच म्हणणार तो. लहानपणापासून घाबरट."

"कोण घाबरट?" लेक उसळला. "परवाच होकार कळवलाय मी! तुझ्या वाढदिवसाला सांगणार होतो." मग जीभ चावली आणि माझ्यावरच डाफरला, "मला सरळ विचारायचं सोडून तिला कशाला टोचतेस?"

 

"आठ दिवस तुझीच विहीर ओढली, बाळा. मग म्हटलं, पाणी शेजारी सोडून बघावं."