तळंच तर आहे

संजीवचं जहाज बुडून तीन दिवस झाले होते. सिंगापुरात मरीन परेडच्या त्याच्या फ्लॅटमध्ये निशिकांत सोफ्याच्या कडेला टेकला होता आणि संजीवची बायको, सुचित्रावहिनी, त्याला पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या, तळ्यात एवढं जहाज बुडतंच कसं?

निशिकांत समजावत होता. अमेरिकेतली ती तळी नावालाच तळी, पलीकडचा काठ दिसत नाही. नोव्हेंबरात तिथे असलं वादळ उठतं की दोनशे मीटरचं जहाज मधोमध मोडतं. बाकी सगळे होडीत उतरले, कप्तान म्हणून संजीव शेवटपर्यंत थांबला. हे सगळं निशिकांतला आता ठाऊक झालं होतं. गेल्या आठवड्यात ठाऊक नव्हतं, तीच तर मेख होती.

जहाजं वेळेवर हलवणं हे संजीवच्याच कंपनीच्या इथल्या ऑफिसात निशिकांतचं काम. हवा बिघडतेय, दोन दिवस बंदरातच थांबू का, असं संजीवने फोन करून विचारलं होतं. सात समुद्र कोळून प्यालेला निशिकांत त्यावर हसला होता. तळंच तर आहे रे, नीघ, म्हणाला होता. असलं लेखी कोणी देत नाही. सांगायचं फोनवर, कागदावर निर्णय कप्तानाचाच. दोघंही ते जाणून होते.

"मीच त्याच्यामागे लागले होते," वहिनी म्हणाल्या. "काहीही कर, पण इराच्या वाढदिवसाला घरी ये म्हटलं. तिने ते ऐकलंय. तीन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही."

निशिकांतला स्वतःची लाज वाटली. एका वाक्याचं काम होतं. पण चौकशी सुरू होणार होती, आणि त्या फोनवर बोलणाऱ्या दोघांपैकी एकच उरला होता.

"भावोजी, त्याने थांबायचं विचारलं होतं का हो तुम्हाला?"

खोलीच्या दारात इरा येऊन उभी राहिली होती. पंधरा वर्षांची असेल. तीही उत्तराची वाट पाहत होती.

"नाही, वहिनी."

इराने एकदा आईकडे पाहिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

वहिनी बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "खरं सांगितलंत, बरं केलंत."