एजे म्हणायचं

"आपा नाही. एजे म्हण," कुमुशाय म्हणाली.

मेरिमनं तिच्याकडे पाहिलं, मग जिच्या मांडीवर बसली होती त्या नझिराकडे पाहिलं. आपा म्हणजे आई, एजे म्हणजे ताई; दीड वर्षाच्या जिवाला हा फरक इतक्या सकाळी काय कळणार? तिनं नझिराच्या गालाला रव्याची खीर फासली आणि पुन्हा म्हणाली, "आपा."

"मी नाही हो शिकवलं," नझिरा घाईनं म्हणाली. "तीच म्हणते."

"म्हणते तर सुधारायचं. बारा मुलं आहेत या वर्गात आणि बाराही जणांना आपापली आई आहे. आपण फक्त एजे. पाच वाजले की ज्याचं त्याच्या हवाली करायचं आणि घरी जायचं."

नारिन गावातल्या पाळणाघरात तान्ह्यांच्या वर्गाची प्रमुख कुमुशाय होती. हाताखाली दोघी. नझिराला येऊन तीन महिने झालेले, आणि रायकान बावीस वर्षं गावाची नाकं पुसत आलेली. कुमुशाय आधी शाळेत सातवीला गणित शिकवायची. चांगली शाळा सोडून ती गेल्या सप्टेंबरात इथं आली, तीही हाच वर्ग हट्टानं मागून. लोक वर चढतात, ही बाई जिना उतरली, असं बाकीच्या म्हणत. पण कामाला चोख होती. चार मुलांमागे एक बाई, ही वाटणी तिचीच. खाणं, झोप, शी-शू, सगळं त्या त्या बाईनं पाहायचं. मेरिम नझिराच्या वाट्याला दिलेली.

नझिराला एक गोष्ट खुपायची. बाकीच्या अकरा पोरांना कुमुशाय उचलून घ्यायची, त्यांच्या पोटाला तोंड लावून हसवायची. मेरिमला कधीच नाही. ती दुडुदुडु धावत आली की ही उभी राहायची आणि म्हणायची, "नझिरा, तुझं मूल बघ."

"दगड आहे नुसता," आज नझिरा पुटपुटलीच.

"आली मोठी माणसं ओळखणारी!" रायकान फिसकारली. "शीची भांडी धू आधी."

आज मेरिमचा शेवटचा दिवस होता. घरी जिला ती आपा म्हणायची ती गुलसून तिला घेऊन रशियात नवऱ्याकडे चालली होती, येकातेरिनबुर्गला. गेला आठवडाभर कुमुशाय रोज संध्याकाळी दारात गुलसूनची विनवणी करत होती. कुठल्याच मुलासाठी तिनं असं केलेलं नझिराला आठवत नव्हतं. मग हे मूल तिला आवडतं की नाही, हेच नझिराला कळेना.

दुपारी मुलं झोपली. कुमुशाय लहानशा खुर्चीवर बसून गुलसूनसाठी सूचना लिहीत होती. सोडून जाणाऱ्या मुलाला अर्धा कागद देण्याची पद्धत होती. तिचा चौथा कागद भरत आला होता. खोकल्याला काय द्यायचं, दही कसं पचत नाही, झोपताना ती स्वतःचा कान धरते तो सोडवायचा नाही. नझिरानं डोकावून पाहिलं. कान धरण्याचं तिलासुद्धा माहीत नव्हतं.

पाच वाजता गुलसून आली. चाळिशीची, रुंद चेहऱ्याची, घाईत असलेली बाई.

"सहा महिने राहू द्या हिला," कुमुशाय म्हणाली. "तुम्ही दोघं आधी बस्तान बसवा. एका खोलीत सहा माणसं, त्यात हिचा खोकला."

"राहू दे म्हणजे कुणाकडे?"

कुमुशाय सूचनांच्या कागदांची घडी घालत राहिली.

"सांग ना, कुणाकडे?"

"मी बघेन."

"वर्गात बघायचं ते तू बघितलंस. नीट बघितलंस, मी कुठं नाही म्हणते? पण अकरा वर्षं वाट पाहिलीय आम्ही. तिकडं तिचा बाप पलंग आणून बसलाय."

"वर्षातून एकदा तरी आणाल?"

"बघू. पाचेक वर्षांत नक्की."

नझिराला राहवलं नाही. तिनं मेरिमला उचललं, मुके घेतले, "जीव ओवाळून टाकीन ग तुझ्यावरून," म्हणत भोकाड पसरलं. रायकाननं तिच्या दंडाला धरलं.

"चल आत. चादरी घडी करायच्या आहेत."

"अहो, पण तिचा निरोप—"

"चल म्हणते ना!" म्हातारीनं तिला जवळजवळ ओढतच नेलं आणि मागचं दार लावून घेतलं.

कुमुशाय गुडघ्यांवर बसली. तिनं मेरिमला कोट चढवला. चार बटणं लावायला तिला फार वेळ लागला. एक उलटं लागलं, ते सोडून पुन्हा लावलं. गुलसून घड्याळ बघत उभी होती, पण घाई कर म्हणाली नाही.

"एजेला हात कर," तिनं पोरीला कडेवर घेत सांगितलं.

मेरिमनं हात हलवला. "एजे," ती म्हणाली, अगदी स्पष्ट.

"शाब्बास," कुमुशाय म्हणाली. ती तिथंच भिंतीला टेकली. आता जगण्यासारखं काही उरलं नाही असं तिला वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

गुलसून दारापर्यंत जाऊन परत फिरली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. तिनं मोकळ्या हातानं कुमुशायचं डोकं खांद्याशी ओढलं.

"रडू नकोस, धाकटे," ती हळूच म्हणाली. "वय आहे तुझं अजून. पहिलं मला द्यायला लावलं, पण पुढचं बाळ सासूबाई तुलाच ठेवू देतील."