पहिला उजेड

हिमालयातल्या स्पितीत चार दिवसांपूर्वी हरवलेल्या अच्युतची फक्त सॅक सापडली. आत काळ्या फडक्यात गुंडाळलेला, नुकताच फोडलेला दगड होता.

अंधाऱ्या खोलीत अच्युतचे मित्र मोघे यांनी दगडातल्या ट्रायलोबाइटचा, म्हणजे लुप्त समुद्रजीवाच्या जीवाश्माचा डोळा वाचनयंत्राखाली धरला. अशा डोळ्यात त्या जीवाने शेवटचं पाहिलेलं दृश्य टिकून असतं. "वहिनी, दगड उघड्यावर फोडला असेल तर पहिल्या उजेडाने डोळ्यातलं जुनं दृश्य पुसून तिथला डोंगर उमटला असेल. शोधपथक लगेच तिकडे वळवू."

"तो काळ्या पिशवीत हात घालूनच फोडतो," वृंदा म्हणाली.

"मग पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र दिसेल."

तीस वर्षांच्या छंदात अच्युतने एकही डोळा बिघडवला नव्हता. या वेळी तरी चुकलेला असू दे, असं वृंदा पुटपुटत राहिली.

पडद्यावर हिरवट पाणी उमटलं. तळाच्या वाळूवर लाटांची जाळीदार सावली होती.

"काय स्वच्छ आलंय," मोघे बोलून गेले, आणि त्यांनी घाईने पडदा बंद केला.